हुंग्या आणि तेजलची पंगत

माझ्या बाबांनी केलेल्या काकडीच्या कोशिंबिरीला हुंग्याने आधी हिरवा दिवा दाखवला आणि थोड्याच वेळात लाल. कोशिंबीर तीच, हुंग्याही तोच. मग मधल्या वेळात शेंगदाणे आले कुठून?

हुंग्या हा आमच्या सातवी ‘ब’चा यंत्रमानव. उंची बाकाएवढी, नाक मात्र वीतभर लांब. अन्नाचा चिमूटभर नमुना नाकात घ्यायचा आणि त्यात शेंगदाणा सापडला की लाल दिवा लावायचा, हे त्याचं काम. कारण आमच्या तेजलला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. आणि आपल्याकडे दाण्याचा कूट कशात नसतो, सांगा! शनिवारच्या अंगतपंगतीत आम्ही एकमेकांचे डबे फस्त करायचो, तेव्हा तेजल खिडकीशी एकटी बसून स्वतःचाच डबा खायची. त्या शनिवारी मात्र डॉक्टरांना विचारून तिच्या आईने पहिल्यांदाच परवानगी दिली होती. “गडबड झाली तर पुन्हा खिडकी,” असंही बजावलं होतं.

तेजलने कोशिंबिरीचा घास उचलला. तेवढ्यात हुंग्याने तिच्या ताटात नाक घातलं आणि ओरडला, “थांब!”

तिने घास खाली ठेवला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“निनाद, तुझ्या बाबांनी सवयीने कूट घातला असेल,” वाढपी कौस्तुभ म्हणाला.

मला भयंकर राग आला. “ओलं खोबरं घातलंय त्यांनी! मी शेजारीच उभा होतो.”

“पण एवढ्याशा कुटाने काय होतं रे, हुंग्या?” मागून कोणीतरी विचारलं.

“सांगतो,” हुंग्या म्हणाला. “प्रत्येकाच्या शरीरात प्रतिकारशक्ती (रोगजंतूंशी लढणारी यंत्रणा) असते. ती म्हणजे आपला रखवालदार. तेजलचा रखवालदार शेंगदाण्यातल्या प्रथिनांना (शरीराची वाढ करणाऱ्या अन्नघटकांना) चोर समजतो. पाहुणा दारात दिसला की हा सगळा गाव उठवतो! मग अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. चोर केवढा आहे हे तो बघत नाही. कणभरसुद्धा पुरतो.”

“मग काय करायचं?”

“बाईंच्या पिशवीत इंजेक्शनचं पेन आहे. ते लगेच टोचायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. पण ती वेळ येऊच नये.”

माझं लक्ष कौस्तुभच्या हाताकडे गेलं. वर्गात सगळ्यात भराभर वाढणारा म्हणून त्याची ख्याती. एकच चमचा घेऊन तो पंगतभर फिरायचा. लाल दिवा लागलेले डबे आम्ही पंगतीच्या दुसऱ्या टोकाला वेगळे ठेवले होते आणि त्यांत त्याच्याच आईची दाण्याची चटणी होती.

“हुंग्या, चमचा हुंग!”

लाल दिवा लागला.

“मला समोर ठेवलेलंच कळतं,” हुंग्या म्हणाला. “चमचा कुठून कुठे गेला, ते तुम्ही बघायचं.”

कौस्तुभचा चेहरा उतरला. तेजल गुपचूप उठली. “जाऊ दे. मी खिडकीशी बसते.”

“तू कशाला उठतेस?” कौस्तुभ म्हणाला. “चटणी उठेल!”

आणि आईची ती नावाजलेली चटणी तो स्वतः उचलून बाहेर ठेवून आला. आम्ही साबणाने हात धुतले, सतरंजी बदलली. तेजल त्या दिवशी गोलात आमच्याबरोबर बसली, पण जेवली आपल्याच डब्यातलं. घडलं ते सगळं बाईंनी तिच्या आईला सांगितलं. आई म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी मीच येऊन बघते.”

त्या आल्या, दाराशी उभ्या राहिल्या. हुंग्याने एकेक डबा हुंगला. हिरवा, हिरवा, पुन्हा हिरवा! वर्गातल्या एकाही डब्यात दाणा नव्हता आणि प्रत्येक डब्याला स्वतःचा चमचा होता. मला आमच्या वर्गाचा इतका अभिमान वाटला की छाती फुगून शर्टाचं बटण तुटेल असं झालं.

“त्या रखवालदाराला पाहुणा ओळखायला शिकवता येईल का?” तेजलने विचारलं.

“शास्त्रज्ञ शिकवताहेत,” हुंग्या म्हणाला. “एक दिवस जमेल.”

“तोवर आम्ही आहोत,” कौस्तुभ म्हणाला आणि तिच्या ताटात खोबऱ्याची चटणी वाढली. तेजलने ती चाटूनपुसून खाल्ली आणि पुन्हा मागितली. तिच्या आई दाराशी डोळे पुसत हसत होत्या.

खिडकीशी आता कोणीच बसत नाही.