शीतलची सायकल, भागवतचा रस्ता

पुढचं चाक सोयाबीनवर गेलं, सर्रकन घसरलं आणि शीतल सायकलीसकट रस्त्यावर आडवी झाली. केदारखेड्याहून वस्तीवरच्या शाळेकडे जाणारा तो अरुंद सिमेंटचा रस्ता. बैलगाडी, ट्रॅक्टर, शेळ्या, मोटारसायकली, सगळ्यांचाच. सुगीत तर त्याचं खळंच व्हायचं. लोक खुशाल पीक अंथरायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांकडून फुकटात मळणी करून घ्यायचे. सायकलवाल्यानं काय करावं, हे मात्र कुणाच्या गावीही नव्हतं.

"लागलं का?" शेतातून एक उंच, उन्हानं रापलेला तरुण धावत आला.

"न्हाई. जरा आडवं व्हावं वाटलं," ओढणी झटकत शीतल म्हणाली. "सोयाबीन तुमचं?"

"हो... भागवत म्हणतात मला. गाड्या गेल्या की दाणा मोकळा होतो बराबर, म्हणून—"

"मंग माझ्या सायकलीनं किती पोती निघाली?"

तो हसू दाबत होता. ते पाहून तर तिचं डोकंच फिरलं. ह्याला हसू येतंय, आणि इकडे तिची शाळेतली नोकरी पणाला लागलेली! मागच्या महिन्यात एका ट्रॅक्टरनं तिला रस्त्याकडेच्या चारीत ढकललं, तेव्हाच वडिलांनी, तातेरावांनी, बजावलं होतं: पुन्हा काही झालं तर सायकल बंद. वस्तीवर एसटी जात नव्हती, म्हणजे शाळाही बंद. ट्रॅक्टरवाल्याला मात्र कुणी चकार शब्द बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोयाबीन शेतात ताडपत्रीवर होतं आणि भागवत बांधावर. मग तो रोजच तिथे दिसू लागला, आणि ती रोज थांबून भांडू लागली.

"आज काय चुकलं माझं?"

"तुमचं न्हाई. तुमच्या चुलत्याची ठिबकची नळी रस्त्यात आडवी पडली."

तो नळी उचलायचा, ती निघून जायची... आणि जाताना एकदा मागे वळून पाहायची. रविवारी भांडायला कुणी नाही म्हणून तिला करमेना, याचाही तिला रागच आला.

तूर फुलावर आली तेव्हा तो अडखळत म्हणाला, "मी सोडत जाऊ का... मोटारसायकलवर?"

"म्हणजे लोकांनी रस्ता अडवायचा अन् सायकल मी सोडायची?" शीतल भडकली. "मला मागं बसायचं न्हाई. मला रस्ता पाहिजे. त्या वळणावर वेड्या बाभळीमुळं समोरचं दिसत न्हाई, ट्रॅक्टर हॉर्न न देता अंगावर येतो. त्याचं बोला."

त्यानं मान वळवून त्या वळणाकडे पाहिलं.

सोमवारी सकाळी वळणावर लख्ख ऊन पडलं होतं. बाभूळ छाटलेली, पार पुढच्या विहिरीपर्यंत दिसत होतं. कुणी केलं असेल, हे तिला विचारावं लागलं नाही. ती गालातल्या गालात हसली... आणि दोन्ही चाकांतली हवा फुस्स करून गेली. छाटलेल्या फांद्या, काटे, सगळं रस्त्यावरच पडलं होतं.

भागवत धापा टाकत आला. हात ओरबाडलेले. "झाडायला खराटा आणाया गेल्तो. तुम्ही आज जल्दी आल्या."

"आधी अक्कल आणायची, मागून खराटा. छाटलं की दिलं टाकून रस्त्यावर, सगळे सारखेच तुम्ही."

तेवढ्यात बाजाराला निघालेल्या तातेरावांची मोटारसायकल शेजारी थांबली. त्यांनी चाकं पाहिली. "झालं? आजपासून सायकल बंद."

शीतलच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं.

"काका, चूक माझी हाय," भागवत म्हणाला. "शिक्षा हिला कशापायी? रस्ता मी साफ ठेवतो. रोज."

"तुला काय पडलंय एवढं?"

"ती इथून गेली न्हाई तर... माझा दिवस जात न्हाई."

शीतलचे कान तापले. "हे आधी मला सांगायचं का बाबांना?"

"तुम्ही भांडायचं थांबल्यावर सांगणार होतो."

तिनं त्याच्या हातातून खराटा ओढून घेतला आणि वडिलांकडे वळली. "बाबा, मी सायकल सोडणार न्हाई. अन् ह्यांनाबी न्हाई."

तातेरावांनी गाडी स्टँडवर लावली, वाकून एक काटेरी फांदी उचलली आणि बांधापलीकडे फेकली.

"आधी हे उचला दोघं," ते म्हणाले. "मागून कुणाची तरी पोरगी येत असंल."