चाळीस जणांचा सातवा प्रश्न

शालिनी खोत आली ती बसायलाही तयार नव्हती.

"पाच वाजता मला राजीनाम्यावर सही करायला बोलावलंय," ती म्हणाली. "मी करणार नाही. पण त्याआधी मला कळायला हवं, माझ्या नावावर चाळीस माणसं पास कुणी केली."

"आधी पाणी प्या," अलकनंदा देवधर म्हणाली. "उभ्यानं नाही म्हणणारी माणसं लवकर दमतात."

अलकनंदा दिल्लीच्या सरोजिनी नगरात नवऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून खासगी तपासाची कामं करी. असं करणं नियमात बसतं का, हे बघायला तिने अंबादासला सांगितलं होतं. अंबादास हा नवऱ्याच्या कचेरीतला निवृत्त कारकून. तो सात वर्षं बघत होता. ऐकलेलं सगळं तो वहीत उतरवून घेई आणि सवडीने समजून घेई.

हकीकत अशी. २००९ साल होतं. गुडगावात रोज एक काचेची इमारत उभी राहत होती, आणि अशाच एका इमारतीत शालिनीची कंपनी कारखान्यांना संगणकावरून शिकवण्याचं काम करी. मानेसरच्या एका कारखान्यातल्या चाळीस कामगारांना सुरक्षिततेचे धडे द्यायचे होते. धडे आणि परीक्षा शालिनीने हिंदीत लिहिली. उत्तरांचा कागद फक्त तिच्याकडे होता.

"संगणक अजून कारखान्यात पोचलेच नाहीत," शालिनी म्हणाली. "आणि मंगळवारी त्या चाळीसातल्या विष्णूची दोन बोटं पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली. कारखाना म्हणतो, तो तर परीक्षा पास आहे, चूक त्याचीच. मी यादी उघडली. चाळीसच्या चाळीस पास. शनिवारी दुपारी, आमच्याच ऑफिसातून, माझ्या लॉगिनवरून."

"शनिवारी ऑफिसात कोण होतं?"

"मी, निहार आणि संग्राम सर. दोन ते चार मी खाली कँटीनमध्ये पुढचा धडा लिहीत होते. साक्षीदार फक्त चहाचा कप."

"पासवर्ड?"

"शालिनी एक दोन तीन. निहारनेच सगळ्यांना असे दिलेत."

अलकनंदाने चाळीस उत्तरपत्रिकांच्या प्रती चाळल्या. प्रश्न दहा, पास व्हायला आठ बरोबर हवेत. कुणाचा तिसरा चुकलेला, कुणाचा नववा, कुणाची एकूण एकच चूक.

"चुका नीट वाटून दिल्यात," ती म्हणाली. "सातवा सोडून. तो सगळ्यांचाच चुकलाय."

अंबादासने मोठ्याने वाचला. "हाथ अंदर डालने से पहले प्रेस खाली होना चाहिए. सही या गलत? सगळ्यांनी लिहिलंय, गलत."

"तो तर सगळ्यात सोपा ठेवला होता," शालिनी म्हणाली. "पहिल्या दिवशी आलेला पोरही 'सही' म्हणेल."

तिघं टॅक्सीने गुडगावला निघाली.

निहार संगणकांची व्यवस्था बघे. हिंदूरावच्या इस्पितळात जन्मलेला, दिल्लीतच वाढलेला. त्याचं मराठी आई जिवंत ठेवून होती.

"मॅम, मी बिल्कुल सर्व्हर रूममध्ये होतो," तो म्हणाला. "तीनला एकदा बाहेर आलो. तेव्हा शालिनीताईंची खुर्ची खाली होती."

"खाली म्हणजे पडलेली?" अंबादासने पेन्सिल थांबवून विचारलं.

"नाही यार... सॉरी काका. खाली. कोणी नव्हतं."

"रिकामी," अलकनंदा म्हणाली. "लिहा भावजी, नीट लिहा. निहार, तुला कुणाला पास करायचं असेल तर परीक्षा द्यावी लागेल?"

"कशाला? मी थेट मार्क बदलेन. दोन मिनिटांचं काम."

संग्राम शिर्के शाखेचा प्रमुख. आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेला, आणि दिल्ली अजून आपल्याला शोभत नाही असं मानणारा.

"मी परीक्षा बघितलेलीही नाही," तो म्हणाला. "कंटेंट हे शालिनीचं खातं. ताई, भावनेच्या भरात माणूस..."

त्याचा फोन वाजला. "हाँ, गाडी खाली रखो," तो ड्रायव्हरला म्हणाला. "मैं साडेपाच को आएगा."

दहा मिनिटांनी ड्रायव्हर छत्री, चार फायली आणि मिठाईचा डबा छातीशी धरून दारात उभा राहिला.

"साहब, गाड़ी खाली कर दी."

"या लोकांना साधं हिंदी कळत नाही," संग्राम म्हणाला.

अलकनंदाने मिठाईच्या डब्याकडे फार प्रेमाने पाहिलं.

पाच वाजता सगळे मीटिंगच्या खोलीत बसले. टेबलावरच्या स्पीकरफोनवर पुण्याहून कंपनीचे मालक गुणवंत सप्रे होते. शालिनीपुढे टाइप केलेला राजीनामा होता आणि त्यावर पेन.

"सर, एक छोटी विनंती," अलकनंदा म्हणाली. "परीक्षा फार अवघड आहे, असं मला वाटतं. संग्रामरावांनी एक प्रश्न सोडवून दाखवावा. सातवा."

"पोरखेळ," संग्राम म्हणाला. "पण द्या." त्याने वाचलं. "गलत. उघड आहे. प्रेस खाली असेल तर हात चिरडेल की."

निहारच्या तोंडून निघून गेलं, "सर, खाली म्हणजे रिकामं."

"म्हणजे?" फोनमधून सप्रे.

"म्हणजे असं," अलकनंदा म्हणाली. "हिंदीत खाली म्हणजे रिकामं. प्रेस रिकामा असल्याशिवाय हात घालू नये, हे मानेसरचा कुठलाही कामगार सांगेल. चाळीस हिंदी बोलणारी माणसं तिथे एकसारखी चुकणार नाहीत. तो शब्द 'वरचं-खालचं' यातला आहे असं समजणारं डोकं एकच होतं, आणि मराठीत विचार करणारं. शालिनीने तो प्रश्न स्वतः लिहिला. उत्तर तिच्या खिशात होतं. निहार मराठी बोलतानाही रिकाम्या खुर्चीला खाली म्हणतो. शिवाय त्याला परीक्षा द्यायची गरजच नव्हती. राहिलं कोण? ज्याच्या ड्रायव्हरने आज गाडी रिकामी केली, तो."

"एका शब्दावरून..." संग्राम म्हणाला.

"चाळीस वेळा लिहिलेल्या शब्दावरून. बाकीच्या चुका तुम्ही मुद्दाम वाटल्यात. ही एकच मनापासून केलीत."

संग्रामने फोनकडे तोंड वळवलं. "सर, सगळ्यांचं शिकवून झालं असं कारखान्याला महिनाअखेर कळवायचं होतं. पुढच्या आठवड्यात शिकवणारच होतो."

"विष्णूला आधी कळवायचं होतंत," शालिनी म्हणाली.

"शालिनी," सप्रे म्हणाले, "हे बाहेर न जाता मिटवता येईल. कारखान्याला आपण सौम्य शब्दांत..."

"नाही सर. चाळीसही निकाल खोटे आहेत, असं पत्र मी सहा वाजेपर्यंत कारखान्याला पाठवतेय. विष्णूला त्याची प्रत. तुम्ही सही केलीत तर कंपनीचं, नाहीतर माझं एकटीचं."

"...लिहा," सप्रे शेवटी म्हणाले. "सही करतो."

शालिनीने पेन उचललं. राजीनाम्यावर सहीच्या जागी तिने मोठ्या अक्षरांत 'गलत' लिहिलं आणि कागद संग्रामपुढे सरकवला.

"तुमच्या नावाने नवा काढा, सर. तुमची खुर्ची आता खाली होणार."

अंबादासने ते वहीत उतरवून घेतलं. या वेळी त्याने काहीच विचारलं नाही.