पिठातली पावलं

शांता परब गेली ती दुपारी, ओट्यापाशी, मेथी निवडताना. डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं होतं. अनुजा वरळीच्या ऑफिसातून टॅक्सी करून लालबागला पोहोचली, तेव्हा चाळीतल्या बायकांनी तिच्या आईला सरळ निजवून उशाशी दिवा लावला होता. बाबा, म्हणजे हितेंद्र परब, उरलेली मेथी निवडत बसले होते. त्यांच्या हातातून जुडी काढून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. अनुजाला तेव्हा रडू आलं नाही आणि नंतरही आलं नाही. सगळे म्हणाले, धक्का बसलाय, येईल.

परबांच्या गावची एक रीत आहे. दहाव्याच्या संध्याकाळी, माणूस जिथे गेलं तिथे तांदळाचं पीठ पसरायचं, शेजारी दिवा ठेवायचा आणि पिठावर टोपली पालथी घालायची. सकाळी टोपली उचलून काय उमटलंय ते बघायचं. चिमणीचा पाय दिसला तर जीव पाखरात गेला, असं. मग सगळं पीठ गोळा करून समुद्रात सोडलं की माणूस सुटलं आणि घरही सुटलं. बहुतेक वेळा पिठात काहीच नसतं. फार तर झुरळ फिरल्याच्या रेघा असतात. थोरली माणसं त्यातूनच काहीतरी शोधून काढतात आणि सगळ्यांना बरं वाटतं.

त्या सकाळी टोपली उचलली कमलाबाईंनी, हितेंद्र यांच्या थोरल्या बहिणीने. पिठात एक खूर उमटला होता. दोन लांबट पाकळ्या, पुढे निमुळत्या, अनुजाच्या तळहाताएवढ्या. कडा अगदी स्वच्छ होत्या.

"गाय आसा," कमलाबाई म्हणाल्या. "बरा झाला."

बाबा खाली वाकले. "गाय नाही ताई. गाईचं पाऊल गोल आणि बोथट असतं. सांबर आहे. मादी असावी."

हे ते सहज बोलले. बोरिवलीच्या जंगलात वनरक्षक म्हणून त्यांची हयात गेली होती. उजवा पाय ते घासत चालत, तोही तिथल्याच एका ओढ्यात घसरून पडल्यामुळे. अनुजा लहान असताना रविवारी तिला सोबत नेऊन ते ओढ्याकाठच्या चिखलात पावलं दाखवायचे. हे चितळ, बारीक आणि टोकदार. हे सांबर, मोठं आणि जड. मागचा पाय पुढच्याच्याच ठशात पडतो बघ. आणि तिने घाईने नाव घेतलं की ठरलेलं वाक्य यायचं. एका पावलावर नाव सांगायचं नाही. पुढचं पाऊल शोध, चाल बघ.

हाताला लागलेली सवय सुटत नाही. पीठ गोळा करायच्या ऐवजी बाबा खालच्या गणपतीच्या कारखान्यात गेले, प्लास्टरची उरलेली गोणी घेऊन आले आणि खुरात प्लास्टर ओतलं.

"हितू, ता पीठ दर्यात सोडूचा असता. घरात नाय ठेवूचा," कमलाबाई म्हणाल्या.

"सोडतो ना. ठसा तेवढा घेऊ दे."

बायको गेलेल्या माणसाला कोण अडवणार? आजूबाजूचं पीठ दादरच्या चौपाटीवर सोडलं. ठशाला चिकटलेलं पीठ मात्र घरातच राहिलं, टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये.

अनुजा दर शनिवारी सकाळी यायची. पहिल्याच शनिवारी पुसायला म्हणून तिने तो ठसा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. तो गरम होता. प्लास्टर गोठताना गरम होतं हे तिला माहीत होतं, पण तासाभरात ते गारही पडतं.

"आज नवीन केलास?"

"नाही गं. तोच आहे."

त्याच्या पुढच्या शनिवारी खोलीभर पीठ होतं. बाबा रोज संध्याकाळी ते चाळणीने पसरत होते. एका पावलावर नाव सांगता येत नाही, असं त्यांनी हिशेब समजावावा तसं तिला समजावलं. ओट्यापासून त्यांच्या खाटेपर्यंत पावलं आली होती.

अनुजा विमा कंपनीत दावे तपासते. खोटं कुठे आहे ते शोधण्याचा तिला पगार मिळतो. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, बंद दाराआड सांबर येत नाही. तेव्हा बाबाच रिकामेपणी ठसा दाबत असणार, असं तिने धरलं. तिने ठसा आणून एकेका पावलावर ठेवून पाहिला. ठसा पुढच्या डाव्या पायाचा होता. पिठात चारही पाय होते. खोलीत ओल्या पाचोळ्याचा वास येत होता.

"इथे बघ," बाबा म्हणाले. "थांबलीय. पुढचे पाय जवळ घेतलेत आणि मान वळवलीय. थोडं चालते आणि थांबते."

बाजारात आईही अशीच पुढे जायची आणि कोपऱ्यावर पिशव्या घेऊन उभी राहायची, बाबांचा पाय मागून घासत येईपर्यंत. हे दोघांनाही आठवलं.

तिने चहा केला. घेताना बाबांच्या हातातला कप कलंडला आणि उकळता चहा त्यांच्या पायावर सांडला. ते तिच्याशी बोलतच राहिले. कातडी लाल झाली तेव्हा तिनेच गार पाण्याचा तांब्या ओतला.

"पायांना कळत नाही हल्ली काही. डॉक्टर म्हणतात, शुगर नॉर्मल आहे." ते पायाकडे बघत होते. "खरं सांगू? बरं वाटतं. आधी तळव्यापासून सुरू झालं. वर आलं की छातीतलंही जाईल."

अनुजाला भीती वाटली. आई गेल्यापासून तिला वाटलेली ती पहिली गोष्ट.

"बाबा, पुरे आता. आपण तो ठसा सोडून येऊ आणि तू माझ्याकडे वरळीला चल. आई गेली. तुला नाही जाऊ देणार मी."

बाबांनी मान डोलावली. "पुढच्या शनिवारी. चाल कळत आलीय."

पुढच्या शनिवारी ती कमलाबाईंना घेऊनच आली. दार नुसतं लोटलेलं होतं. बाबांच्या चपला उंबऱ्याशी होत्या. शेजारची मनवा पहाटेपासून गॅलरीतच होती, आता कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "काका बाहेर आलेच नाहीत गं."

खाटेवर चष्मा होता. चादर बाजूला सारलेली होती.

पिठात माणसाचं पाऊल नव्हतं.

मादी ओट्याकडून आली होती. खाटेपाशी थांबली होती, बराच वेळ, कारण तिथलं पीठ खूप तुडवलं गेलं होतं. मग ती वळली होती.

आणि खाटेपासून दुसरी पावलं निघाली होती. मोठी, पुढचा खूर रुंद आणि गोलसर. नर. वय झालेला.

अनुजा उकिडवी बसली. मागचा उजवा पाय नीट उचललेला नव्हता. प्रत्येक ठशामागे पिठात एक लांब रेघ होती.

मादी थोडं चालली होती आणि थांबली होती. नर तिच्यापर्यंत पोहोचला होता. मग दोघं शेजारी शेजारी ओट्यापलीकडच्या भिंतीकडे गेली होती. भिंतीशी शेवटचे दोन ठसे अर्धेच होते.

शोकेसमधला ठसा गार पडला होता.

कमलाबाई दारातच उभ्या होत्या. पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "दोघांका सोड गो बाय. पीठ गोळा कर. दर्यार जाऊया."

"एका पावलावर नाव सांगता येत नाही, आत्ये."

समोर पावलांची अख्खी रांग होती. नाव तिला कळलं होतं.

ओट्याखाली गोणीत थोडं प्लास्टर शिल्लक होतं. अनुजाने ते आईच्या परातीत कालवलं आणि नराच्या सगळ्यात स्पष्ट पावलात हळूहळू ओतलं. कमलाबाई मागे सरल्या. जिन्यावरून त्या उतरल्याचा आवाज आला.

ती मांडी घालून बसली आणि प्लास्टरवर हात ठेवला. आधी ते गार आणि ओलं होतं. मग घट्ट होत गेलं. मग हाताखाली ऊब आली. बाबा तिला चिखलातून चालवताना हात धरायचे, तेवढीच.

खिडकीतलं ऊन ओट्यावर आलं, उतरलं. ठसा गरमच होता.

संध्याकाळी ती उठायला गेली. इतका वेळ मांडी घालून बसल्यावर पायांना मुंग्या यायला हव्या होत्या. त्या आल्या नव्हत्या. तिने खाली पाहिलं. तळवा जमिनीला टेकलेला होता, हे तिला नुसतं दिसत होतं.