छकुलीचं शून्य

पाचवीच्या वार्षिक परीक्षेत छकुलीला गणितात शून्य मिळालं आणि माणिकराव गुरुजींवर चौकशी लागली.

मोताळ्याजवळच्या त्या शाळेत छकुली ही एकच विद्यार्थिनी उरली होती. बाकीची पोरं व्हॅननं इंग्रजी शाळेत जात. ती सहावीला रोहिणखेडला गेली की शाळेला कुलूप लागणार. फेरपरीक्षेतही नापास झाली, तर नव्या नियमानं पाचवीतच राहणार. म्हणून गुरुजींनीच तिची उत्तरं बदलली, असं गाव बोलू लागलं.

गुरुजींनी चिखलीच्या प्रसेनजितला बोलावलं. तो खासगी तपास करायचा. सोबत त्याचा जीपवाला मित्र कडूबा आला.

"पेपर तुमच्या हातात आला होता?" प्रसेनजितनं विचारलं.

"नाही. केंद्रप्रमुखांनी तिच्या हातून घेतला अन् तिथंच सील केला. मी बाहेर होतो."

"माह्याजवळ बसेल होते," खिचडी शिजवणाऱ्या अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पोरगी हुशार हाय हो, तांदळाचा हिशेब तोंडीच करते. गुरुजी अन् पोरगी संगच जेवतेत. बायको गेल्यापासून गुरुजीले घरी बोलाले कोनी नाही."

प्रसेनजितनं उत्तरपत्रिकेची प्रत पाहिली. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. पेनानं केलेले गोल, कुठंही खाडाखोड नाही.

"पेपर अवघड गेला?" त्यानं छकुलीला विचारलं.

"हाव. अंदाजानंच गोल केले."

प्रसेनजितनं सगळ्यांना वर्गात बसवलं.

"खाडाखोड नाही, पेपरही गुरुजींच्या हाती आला नाही. म्हणजे उत्तरं कुणी बदलली नाहीत."

"मंग पोरीले काही येतच नसन," कडूबा म्हणाला.

"अंदाजानं गोल केले तरी चार-पाच बरोबर निघतात, कडूबा. वीसच्या वीस चुकवायला वीसही बरोबर उत्तरं माहीत असावी लागतात."

छकुली रडू लागली. "मी गेल्यावर गुरुजी कोनासंग बोलतीन? त्यायच्यावर नाव येईन, हे मले काय माहीत!"

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चौकशी मिटली. छकुली फेरपरीक्षेला निघाली, तेव्हा गुरुजी एवढंच म्हणाले, "येते ते खरं लिहिजो, बाई."

जूनअखेर छकुली रोहिणखेडच्या एसटीत बसली. बस गेल्यावर गुरुजी फाट्यावर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी प्रसेनजितला फोन लावला.

"काय झालं, गुरुजी?"

"काही नाही," ते म्हणाले. "असाच केला."