चंद्रावरचा दोन-वेळा गट

चंद्रावरच्या वसाहतीत, आहार-प्रयोगशाळेच्या उंच खुर्चीवर दत्ताराम सापळे पाय हलवत बसले होते. पृथ्वीवर काठीशिवाय न चालणारे त्यांचे गुडघे इथे अंगाचा भार कमी झाल्याने तरुण झाले होते. पण रक्तातली साखर उतरली नाही, तर पुढच्या यानाने त्यांची रवानगी पुन्हा काठीकडे होणार होती.

"काका, दिवसातून किती वेळा खाता?" डॉक्टर रेहाना शिकलगार यांनी विचारलं.

"दोनदा. तुमच्या प्रयोगातल्या दोन-वेळा गटातच आहे ना मी."

डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. सापळ्यांच्या पोटातल्या घासवेधक गोळीने कालच्या एका दिवसात चौदा वेळा खाणं सुरू झाल्याचं टिपलं होतं.

सापळ्यांनी शांतपणे खुलासा केला. जेवण दोनदाच झालं होतं. बाकीचा चहा, आणि चहाबरोबर जे काही येतं ते. हवेच्या गाळण्या तपासायला खोल्याखोल्यांतून फिरावं लागतं, नको म्हटलं की माणसं मनाला लावून घेतात.

"पोटाला तुमचा हा फरक कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पोट रिकामं असलं की शरीर डागडुजीला बसतं. तुम्ही बिस्किट मोडलंत की गवंडी थापी टाकून उठतो."

"मग हे सगळं जेवणाच्याच बैठकीत खाल्लं तर?"

"तर गवंड्याला उसंत मिळेल."

सापळ्यांनी वसाहतभर निरोप दिला: ज्याला आग्रह करायचा असेल त्याने जेवणाच्या वेळी भोजनकक्षात येऊन करावा. लोक थालीपीठं, चिवडा घेऊन आले. आले तसे जेवायलाही बसले.

महिन्याभराने साखर उतरली. डॉक्टरांनी मुक्कामाच्या परवान्यावर सही केली, पण चेहरा पडलेलाच होता.

"अख्ख्या दोन-वेळा गटाची उतरलीय. इतके दिवस का उतरत नव्हती, ते आत्ता कळलं. काका, तो चहा तुम्ही एकटे पीत नव्हतात."

शिवाय तुलनेसाठी दिवसातून सहादा खायला ठेवलेला सहा-वेळा गटही गप्पांच्या ओढीने त्याच पंगतीत येऊन बसला होता आणि ठणठणीत झाला होता. तुलनेला कुणी उरलंच नव्हतं.

सापळ्यांना वाईट वाटलं. "बिघडलेली माणसं हवी असतील, तर उद्यापासून पुन्हा फेरी सुरू करतो."

डॉक्टरांनी प्रयोग संपल्याची नोंद केली, टेबलावरचा अर्धा खाल्लेला बिस्किटपुडा खणात टाकला आणि विचारलं, "आज जेवायला काय आहे?"