माणूस आत आहे

सुवर्णाचं बोट धम्मपालच्या छातीवर टेकलं होतं आणि तिचे ओठ भराभर हलत होते... काय बोलत होती ती? डोळ्यांना धारा लागल्या होत्या, मानेच्या शिरा ताठल्या होत्या, शेजारच्या तानुबाई तोंडाला पदर लावून दारात उभ्या होत्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, फरशीवर, त्याची लेक सृष्टी भिंतीला टेकून पांढरीफटक पडली होती! शेगडीवरचं दूध उतू जाऊन गॅस विझला होता. काहीतरी भयंकर घडलं आहे आणि ते आपल्या पाठीमागे, चार हातांवर घडलं आहे, एवढंच त्याला कळलं. तो तर खिडकीशी बसून समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे बघत होता.

"पोरगी पप्पा, पप्पा करत होती!" सुवर्णा म्हणत होती. "तानुबाई पलीकडून धावत आल्या आणि तुम्ही जागचे हलला नाहीत! बाप आहात की दगड?"

'बाप' आणि 'दगड' एवढे दोनच शब्द त्याने तिच्या ओठांवरून टिपले. बाकीचं काही त्याच्यापर्यंत पोहोचलंच नाही, कारण धम्मपालला ऐकू येत नव्हतं. आणि ही गोष्ट या घरात एकट्या धम्मपाललाच ठाऊक होती.

एकाएकी नव्हतं हो झालं ते! अंबडच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, त्याची उभी जवानी गेली. पत्र्यावर प्रेस आदळायची ती अशी, की शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी व्यर्थ. म्हणून तिथली माणसं तोंडाने बोलतच नसत, हातांनी बोलत. अंगठा ओठांशी नेला की चहा, कपाळावर आडवा हात धरला की साहेब आला, आणि दोन्ही मुठी डोक्यावर फुलीसारख्या धरल्या की... प्रेस थांबवा, माणूस आत आहे! ती खूण दिसली की हातातलं काम जिथल्या तिथे टाकून लाल बटणाकडे झेपावायचं. कोण, कुठला, काही विचारायचं नाही. अशा ठिकाणी कुणाचे कान कधी गेले हे कळणार कसं? कानांवाचून तिथे कुणाचं काही अडतच नव्हतं.

सृष्टी लहानपणी त्याच्याकडून या सगळ्या खुणा शिकली होती. तो सेकंड शिफ्टला निघाला की ही टीचभर पोर दारात आडवी उभी, आणि दोन्ही मुठी डोक्यावर! मग काय बिशाद धम्मपालची पाऊल पुढे टाकायची! तिला उचलून घ्यावं, मुका घ्यावा, गोळी आणायचं कबूल करावं, तेव्हा कुठे बिचाऱ्याची सुटका व्हायची.

मग कंपनीने प्रेस शॉप दुसऱ्या राज्यात हलवलं आणि माणसं घरी बसली. एका ठिकाणी धम्मपालचं काम ठरलंसुद्धा होतं, पण मेडिकलला डॉक्टरने कान तपासले, नुसती मान हलवली, संपलं! घरी येऊन तो म्हणाला, "वय झालं म्हणाले." का बोलला खोटं? नोकरी गेलेला नवरा एकवेळ बायको सांभाळून घेते, पण नोकरी गेलेला आणि वर बहिरा... नको, नको! शिवाय अंबडमध्ये बातमी फुटायला वेळ लागत नाही. मग कामासाठी कोण दारात उभं करणार? त्याने ठरवलं, हे दुःख आपल्यापुरतं. समोर माणूस असला की ओठ वाचायचे, आणि पाठीमागून कुणी काही बोललंसं वाटलं, की "हो हो" म्हणून टाकायचं.

"हो हो"वर संसार चालवायला निघाला होता वेडा!

आणि आता तर सुवर्णाच्या भावाने, रवीने, गोदामाच्या गेटवर वॉचमनची जागा मिळवून दिली होती. सोमवारपासून या म्हणाले होते. अट एकच, रात्री गाडीचा हॉर्न ऐकू यायला हवा. धम्मपालने तिथेही "हो हो" म्हटलं होतं.

घरात मात्र सगळं विस्कटत चाललं होतं. शिलाई मशीनवर वाकून वाकून सुवर्णाची पाठ धरली होती आणि जिभेला धार आली होती. तिला वाटे, नोकरी गेल्यापासून हा माणूस घुम्या झालाय, याला आपलं काही सोयरसुतकच उरलं नाही! सृष्टीचं बारावीचं वर्ष. त्या अबोल घरात ती पोर नुसती कोमेजत होती. "भूक नाही" म्हणून ताट सरकवायची, सकाळी पित्ताच्या उलट्या, सारखं डोकं दुखणं, विंचरताना हातात येणारे केसांचे पुंजके... धम्मपालला सगळं दिसत होतं. दिसण्याचीच तर त्याला शिक्षा होती! मायलेकी हसल्या तर कशाला हसल्या हे कळू नये, रडल्या तर काय झालं म्हणून विचारायची सोय नाही, कारण उत्तर ऐकणार कशाने? सकाळी भिंतीवरच्या बुद्धमूर्तीच्या तसबिरीसमोर वंदना म्हणताना तिघांचे ओठ हलायचे आणि त्या तिघांतही तो एकटाच असायचा. सृष्टीचा आवाज आता कसा झालाय, हेही त्याला माहीत नव्हतं. त्याच्या मनात ती अजून लहानपणच्याच आवाजात बोलायची.

ती उंबऱ्याशी पडली त्या दिवशी दवाखान्यात तिला सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई खाली मान घालून गोळ्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "रक्त खूप कमी आहे. जेवत नाही, झोपत नाही. घरात काही टेन्शन आहे का?"

"हो हो," धम्मपाल म्हणाला.

सुवर्णाने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याने नजर खाली वळवली.

संध्याकाळी सृष्टी घरी, कॉटवर, भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो तिच्या उशाशी बसून वाटीत डाळिंबाचे दाणे सोलत होता. दाणा फुटू नये म्हणून किती जपत होता! कारण लेकीसाठी करण्याजोगं एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. तेवढ्यात चादरीआडून, थकलेल्या आवाजात, तिने विचारलं, "पप्पा... मी तुम्हाला जड झालेय का?"

चादर किंचित हलली, एवढंच त्याने पाहिलं. काहीतरी मागत असेल पोर. पाणी हवं असेल, नाहीतर दिवा बंद करायचा असेल...

"हो हो, बाळा," तो अगदी मायेने म्हणाला.

अरेरे! चादरीखालचे खांदे गदगदू लागले. त्याने घाबरून पाठीवर हात ठेवला तर तिने तो झिडकारला. मशीन थांबवून सुवर्णा वाघिणीसारखी धावून आली, त्याचा दंड धरून तिने त्याला आपल्याकडे वळवलं आणि एकेक शब्द त्याच्या तोंडावर फेकला.

"ती विचारते... मी जड झाले का... आणि तुम्ही हो म्हणता? पोटच्या पोरीला?"

हे मात्र त्याने अक्षरन् अक्षर वाचलं. खरं सांगितलं तर सोमवारचं काम गेलं, बाहेर कुणी विचारणार नाही, सगळं संपलं. आणि नाही सांगितलं तर? तर ही पोर जन्मभर ते "हो" उराशी घेऊन जगेल!

"मला ऐकू येत नाही, सुवर्णा!"

आपला आवाज किती चढलाय याचंही त्याला भान नव्हतं. पलीकडे तानुबाईंच्या घरातली बोलणी थांबली.

"कधीपासूनच येत नाही... कान गेलेत माझे! सकाळी तिने हाक मारली असेल, नाही ऐकली मी. आत्ता काय म्हणाली, तेही नाही ऐकलं! माझी लेक मला जड? अगं, हिच्यासाठीच तर हॉर्न ऐकू येतो म्हणून खोटं सांगून आलो तिथे..."

"झालं! आता हे नवं सोंग!" सुवर्णा तिरमिरीत पाठ फिरवून बोलली. "लाज वाटत नाही, मुलीच्या आजारपणात नाटकं करायला?"

धम्मपाल तिच्या पाठीकडे बघत उभा राहिला. ती काहीतरी बोलेल, रागवेल, रडेल, म्हणून वाट बघत... बोलणं कधीच होऊन गेलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

कॉटवरून सृष्टीने ते पाहिलं. आईचे इतके लागट शब्द आणि वडिलांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. तिथे होतं नुसतं वाट बघणं! ती कशीबशी उठून बसली. सलाईनच्या सुईच्या जागी लावलेली चिकटपट्टी अजून तिच्या मनगटावर होती. एक शब्द न बोलता तिने दोन्ही मुठी वर नेल्या आणि डोक्यावर फुली धरली.

धम्मपाल झेपावला! मन मागे राहिलं आणि अंग पुढे धावलं. हात सवयीने लाल बटण शोधायला गेला आणि त्याला लागलं ते लेकीचं घामेजलेलं कपाळ. डाळिंबाची वाटी कलंडून दाणे फरशीभर झाले.

"मम्मी," त्याच्या खांद्यावर डोकं टेकून सृष्टी हुंदके देत म्हणाली, "माणूस आत आहे गं... आपण बघितलंच नाही."

धम्मपालला ते ऐकू आलं नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की सुवर्णा मशीनचा आधार घेत मटकन खाली बसली आणि तिने पदरात तोंड लपवलं. आपलं काही चुकलं का, या भीतीने तो सृष्टीकडे बघत राहिला. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि त्याचा हात घट्ट धरून ठेवला.

बऱ्याच वेळाने सुवर्णाने डोळे पुसून फोन लावला. "जयभीम, रवीदादा. सोमवारचं राहू दे बाबा... नाही, नाही, भांडण नाही झालं. आधी यांचे कान दाखवायचेत." फोन ठेवून ती आली आणि मुद्दाम वळसा घालून त्याच्या पुढ्यात उभी राहिली. इतक्या वर्षांत या खुणा तिने कधी केल्या नव्हत्या, बापलेकीचा पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेल्या होत्या. लाजत, अंदाजाने, तिने शेगडीकडे बघून अंगठा ओठांशी नेला.

"हो हो," धम्मपाल म्हणाला. पण आज आपण कशाला हो म्हणतोय, ते त्याला नीट कळलं होतं.