लिंबच्या विहिरीची बोली

सांगलीत राहून सातारा बघायला लग्नानंतर इतकी वर्षं लागावीत, म्हणजे कमालच! पण ऋषिराज फौजेत. रजा मिळाली की घरचा ऊस, भावकीतली लग्नं, दाताचा डॉक्टर. सातारा आपला हायवेवरून दिसायचा तेवढाच. या खेपेला संयोगितानं हट्टच धरला. उद्या त्याची गाडी होती, काश्मीरकडं. आजचा दिवस तिला नवऱ्याबरोबर हवा होता, बाकी कुणी नको. भल्या सकाळी मोटारसायकल निघाली ती कराडला चहापुरती थांबून थेट साताऱ्यात.

अजिंक्यतारा चढताना फौजी पुढं आणि मास्तरीणबाई धापा टाकत मागं. चार भिंतींच्या टेकडीवरून सगळं शहर बघून झालं, राजवाड्यासमोर फोटो निघाले. कंदी पेढ्यांचा पुडा घरी न्यायला म्हणून घेतला आणि दोघांनी तिथंच फस्त केला. संयोगिता त्या दिवशी इतकी हसली की दृष्ट लागेल असं तिचं तिलाच वाटलं.

दुपारी ते लिंबच्या बारामोटेच्या विहिरीवर गेले. वर ऊन रणरणत होतं, आणि पायऱ्या उतरून कमानीखाली गेलं की एकदम गार. दगडात कोरलेली शिल्पं, खोल हिरवं पाणी, ओल्या भिंतींचा वास, कुठंतरी घुमणारे पारवे. दुसरं माणूस नव्हतं.

"हाक मारून बघ की," ऋषिराज म्हणाला. "लय घुमतं म्हनं हितं."

संयोगिता सांगलीच्या एका शाळेत मराठी शिकवत असे. हजेरी घेतात तशा स्वच्छ आवाजात ती ओरडली, "कोण आहे?"

"कोन हाय?" विहीर म्हणाली. आवाज तिचाच होता.

"तुम्हीच बोललात!"

"आईशपथ न्हाई गं! तुजी शुद्ध भाषा विहिरीला जमत नसंल." तो पोट धरून हसत होता.

तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला आणि परत ओरडली, "आम्ही आलो आहोत!"

तळव्याखाली त्याचे ओठ जराही हलले नाहीत. खालून आलं, "आमी आलोय." या वेळी जरा घोगरं.

दगडाला घासून आवाज जाडाभरडा होत असणार, अशी तिनं मनाची समजूत घातली. भाषेची बाई ती, तिला ते पटलंही. सोमवारी वर्गात सांगायला बरी गंमत मिळाली म्हणून ती खूशच झाली.

निघताना ऋषिराजनं पाण्याकडं बघून हात हलवला आणि, कुणाच्याही घरातून उठताना म्हणतो तसं, सवयीनं म्हणाला, "बरं, येतो!"

खालून काहीच आलं नाही. पारवे गप्प झाले होते. मग कुणा बाप्याच्या आवाजात, सावकाश प्रश्न आला.

"कवा?"

ऋषिराज हसायला गेला, पण हसू अर्ध्यातच थांबलं. संयोगितानं त्याचा दंड घट्ट धरला. त्यांच्याकडं निघणारा माणूस कधी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतो; तसं म्हणाला की तो परत येतो. दर रजेच्या शेवटी ऋषिराज तिला तेच सांगून निघायचा आणि त्या एका शब्दावर ती महिने काढायची. तो शब्द आज त्यानं भलत्यालाच देऊन टाकला होता.

"जातो म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"आवं, जातो म्हना! परत न्हाई यायचं हितं!" तिची शुद्ध भाषा कुठल्या कुठं पळाली. "म्हना लौकर!"

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि चेष्टा गिळली.

"जातो," तो खाली वाकून म्हणाला.

"थांब," विहीर म्हणाली. "आलोच."

दोघं पळत सुटले ते मोटारसायकलपाशीच थांबले. हायवेला लागल्यावर मात्र ऋषिराजला हसू फुटलं, मग तिलाही. "फौजी विहिरीला भ्याला, कुनाला सांगू नगंस बाई!" तो म्हणाला. कराडजवळ उसाचा रस प्यायले. घरी पोचेपर्यंत तिची भीती पार गेली होती.

दुसऱ्या दिवशी सांगली स्टेशनवर कोवळं ऊन पडलं होतं. ऋषिराज खिडकीशी बसून दात काढत होता. गाडी हलली. ती त्याच्या तोंडून तो शब्द यायची वाट बघत होती.

"येतो आमी," तो म्हणाला.

"आमी?" ती गाडीबरोबर चालू लागली. "आवं, आमी म्हंजे कोन?"

चाकांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं. तो आत वळला होता. शेजारच्या रिकाम्या जागेवरची पिशवी त्यानं उचलून मांडीवर घेतली, थोडा सरकला आणि समोर कुणीच नसताना, वडीलधाऱ्याला करावी तशी अदबीनं बसायची खूण केली.